पुढचा शाफ्ट माळ्यावर होता

गेल्या आठवड्यात पोस्टमन आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचं, पाकीट देऊन गेला. नोंदणी सप्टेंबर २०३० पर्यंत. जुनी फोर बाय फोर गाडी शोधायला सुरुवात केली तेव्हापासून हे पाकीट हातात येईपर्यंत अकरा महिने गेले. मी मेकॅनिक नाही, आंब्याची बाग बघते. पण या अकरा महिन्यांत गाडीखाली पुठ्ठा टाकून इतक्यांदा झोपले आहे की आता शेजारपाजारचे मुलगे गाडी घेण्याआधी विचारायला येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

आमचं घर राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याच्या बाजूला, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर. कलमं मात्र खाली उतारावर. मधला रस्ता जांभ्याचा, अर्ध्या किलोमीटरचा, दोन वळणं अशी की टेम्पोवाला वरूनच बघून मान हलवतो. २०२४ च्या हंगामाच्या शेवटी अवेळी पाऊस झाला आणि भरलेले चाळीस क्रेट रात्रभर खाली पडून राहिले. दुसऱ्या दिवशी गड्यांनी ते डोक्यावरून वर आणले, निम्म्या आंब्यांना डाग. त्या नोव्हेंबरात ठरवलं की आपलीच गाडी हवी, चारही चाकं ओढणारी.

नवी परवडणार नव्हती. थारचं नवं मॉडेल २०२० मध्ये आलं, जिम्नी २०२३ मध्ये, दोन्ही बघून आले आणि किंमत ऐकून चहा पिऊन परत आले. मग जुन्या. जिप्सी बघितली: टनाच्या आत वजन, चिखलात मांजरासारखी चालते, पण पेट्रोल आणि माल कमी मावतो. मला डिझेल हवं होतं. शेवटी मी कोणती घेतली ते लिहीत नाही, कारण पुढे ज्या भानगडी सांगणार आहे त्यातली एकही कंपनीने केलेली नाही. एवढंच सांगते की २०१० ची, चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली साधी गाडी. निवडताना मी एकच कसोटी लावली. राजापुरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन विचारलं, "हिची क्लच प्लेट, ब्रेक सिलिंडर, वॉटर पंप आज मागितला तर कधी मिळेल?" ज्या गाडीला "आत्ता देतो" असं उत्तर आलं ती यादीत ठेवली. "मागवावं लागेल" असं आलेल्या कितीही दणकट असल्या तरी खोडल्या. एप्रिलमध्ये गाडी आठ दिवस पार्टसाठी थांबली तर तिचा दणकटपणा काय चाटायचा आहे?

पहिली गाडी चिपळूणला बघितली. रंग चकचकीत, किंमत कमी. सोबत गाड्या दुरुस्त करणारे आमचे मेस्त्री होते, मूळचे कणकवलीचे. त्यांनी काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. नेहमी गुंडाळलेला राहतो त्या भागावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते इथे कोणाला सांगायला नको. मग त्यांनी मागच्या डिफरन्शियलचा (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याचा) नट सैल केला, तर तेल दुधाळ. पाणी आत गेलं की तेल असं होतं. आम्ही नमस्कार करून निघालो. तुम्ही जाल तेव्हा बेल्ट नक्की ओढा. सीटकव्हर बदलतात, कार्पेट धुतात, बेल्ट कोणी बदलत नाही.

दुसरी देवरूखला. गाडी बरी होती, पण हौशी मालकाने तिला लष्करी हिरवा रंग दिला होता. तो रंग सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, खाजगी गाडीला चालत नाही, नियमातच आहे. म्हणजे घेतली की आधी रंग बदला, मग आरसीवर रंगाची नोंद बदला. तीही सोडली.

तिसरी परत चिपळूणचीच. पूर आला तेव्हा ती पुण्याला होती असं मालक म्हणाला. बेल्ट स्वच्छ, सीटखालचे रेल बिनगंजाचे, तेव्हा विश्वास ठेवला. आणि खरं सांगते, मी तिच्या रूपाला भुलले. पुढे लोखंडी जाडजूड बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), टपावर एलईडीची पट्टी, एकतीस इंची टायर, उंच उभी. मला वाटलं, एवढं सगळं केलंय म्हणजे गाडी राकट असणार. मेस्त्रींना त्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं, ते आले नाहीत. मी फोर व्हीलचा लिव्हर टाकून बघितला, मीटरवर फोर व्हीलचा दिवा लागला, मी खूश. १९ जानेवारी २०२५, रविवार, ३ लाख ६० हजार.

चार दिवसांनी मोहोराच्या फवारणीसाठी दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम घेऊन खाली उतरले. उतरले ठीक. वर येताना पहिल्याच वळणावर मागची चाकं गरगर फिरायला लागली. लिव्हर टाकला, दिवा लागला, गाडी जागची हलेना. खडी उडून ड्रमवर टणटण वाजत होती. गड्यांनी ड्रम रिकामा केला, मागून रेटलं, तेव्हा वर आली.

मेस्त्री संध्याकाळी आले, टॉर्च घेऊन खाली सरपटले आणि आतूनच हसायला लागले. "वयनी, ह्येचो फुडचो शाफ्टच नाय ओ!"

गिअरबॉक्सच्या मागे एक ट्रान्स्फर केस असते. तिथून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, एक पुढच्या. लिव्हर टाकला की ट्रान्स्फर केसमध्ये गिअर पडतो आणि दिवा लागतो. पुढे शाफ्ट जोडलेला आहे की नाही हे दिव्याला कळत नाही. मी मालकाला फोन केला. तो बिचारा गोंधळला नाही की लाजला नाही. "अहो काकी, तो काढून ठेवलाय. गाडी उंच केल्यापासून हायवेला घरघर यायची. माळ्यावर आहे, पाठवतो." तीन दिवसांनी गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट एसटीतून राजापूर डेपोत उतरला. त्यावरून थोडी हुज्जत घालून मी पंधरा हजार परत घेतले. म्हणजे ती विंच, ते टायर, ते दिवे हे सगळं एका टू व्हील ड्राइव्ह गाडीवर चढवलेलं होतं.

तर तपासायचं असं. गाडी डांबरावर तपासू नका. असल्या साध्या फोर बाय फोरला पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि ताण सगळा गिअरांवर येतो. लिव्हर अडकून बसतो तो त्यामुळेच. अशा वेळी जोर करू नका, थोडी रिव्हर्स घ्या, सुटतो. तपासायला मोकळी माती किंवा खडी शोधा, फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) चढावर घाला आणि एका माणसाला बाहेर उभं करून पुढची चाकं माती उकरतात का ते बघायला सांगा. मग फोर लोमध्ये (चारही चाकं, वेग कमी, ओढ जास्त) तेच. आणि काहीही करण्याआधी खाली वाका आणि दोन शाफ्ट मोजा.

शाफ्ट बसवायला गाडी वर उचलली आणि चाकं लोंबकळली, तेव्हा मेस्त्रींचं हसू गेलं. गाडी उंच करताना ब्रेकचे रबरी पाइप मूळचेच ठेवले होते. चाक पूर्ण खाली गेलं की पाइप तारेसारखा ताणला जायचा. "ह्यो खड्ड्यात तुटतलो," ते म्हणाले. मी अणुस्कुऱ्याने चार दिवसांपूर्वी कोल्हापूरला जाऊन आले होते. रात्री झोप लागली नाही. चारही पाइप आणि ब्रेक ऑइल दुसऱ्याच दिवशी बदललं, २,६०० रुपये. बाकी सगळं हंगामानंतर बघू असं ठरलं, कारण मार्चपासून आंबा उतरायला लागतो आणि मग मरायलाही फुरसत नसते.

तोवर कागद. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, दोघांचे आधार, ऑनलाइन अर्ज. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. माझं अडलं ते बँकेवर. मालकाने कर्ज २०१५ मध्येच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र लागतं. दहा वर्षांपूर्वीचं पत्र त्याच्याकडे होतं, पण त्यावरच तीन महिने मुदत छापलेली. नवं मिळायला पाच आठवडे गेले. शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती, साहेब रजेवर होते, सही चुकीच्या जागी झाली, असं सगळं यथासांग. जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी आरसीची मागची बाजू वाचा, ही माझी आगाऊ सूचना.

विमा संपलेला होता, म्हणून कंपनीने आधी गाडी तपासायला माणूस पाठवला. त्याने फोटो काढले आणि एजंटचा फोन आला, "मॅडम, फोटोत दिसतंय ते पॉलिसीत कुठे लिहायचं?" त्याचं म्हणणं सरळ होतं. विमा उतरवला जातो तो नोंदणीत आहे त्या गाडीचा. टायर, उंची, बंपर वेगळे असतील आणि उद्या अपघात झाला तर दावा अडवायला कंपनीला आयतं कारण मिळतं. मी त्याला म्हटलं, लिही आहे तसं. त्याने तसं लिहिलं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, हेही तेव्हाच कळलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी माझ्या नावावर झाली.

हंगाम गाडीने काढून दिला. चौदा-पंधरा क्रेट घेऊन फोर लोमध्ये पहिल्या गिअरवर चालायच्या वेगाने वर येते, ना आवाज ना तक्रार. फक्त खालीवर. डांबरावर मात्र ती मला कधीच आवडली नाही. वळणावर कलायची. मीटर साठ दाखवायचा आणि टेम्पो मागून हॉर्न मारायचा नाही, म्हणून मोबाइलवर वेग बघितला तर सहासष्ट. मूळ टायर २१५/७५ आर १५, म्हणजे सुमारे सत्तर सेंटिमीटर व्यासाचा. एकतीस इंची म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि मीटरला ते माहीत नसतं. इंजिनाला जड जातं, ब्रेकला जास्त वजन थांबवावं लागतं, बेअरिंग लवकर वाजायला लागतात. फोर बाय फोर गाडी निघायला मदत करते, थांबायला करत नाही. थांबवतात ते तेच जुने ब्रेक.

जुलैमध्ये खरं प्रकरण सुरू झालं. गाडीची पंधरा वर्षं १३ सप्टेंबर २०२५ ला संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. चारचाकीची फी तेव्हा, एप्रिल २०२२ पासून, पाच हजार होती, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर दरमहा पाचशे रुपये जादा. पण त्याबरोबर नवी नंबरप्लेटही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागते, तेव्हा ७४५ रुपये अधिक जीएसटी, ऑनलाइन भरून वेळ घ्यायची. ठरल्या दिवशी गेले तर बसवणाऱ्या मुलाने पुढून दोन चकरा मारल्या. मूळ बंपरवर प्लेटची जी जागा असते तिथे आता विंचचा दोर होता. "कुठे ठोकू, ताई?" प्लेटचे रिव्हेट एकदा बसले की काढता येत नाहीत. त्याने प्लेट परत पाकिटात घातली आणि आधी बंपर बदलून या म्हणाला. असल्या बंपरांवर कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं होतं, रस्त्यावरच्या माणसाला त्यांचा मार जीवघेणा बसतो म्हणून. तरी सगळीकडे दिसतात. मी मूळ पत्र्याचा बंपर कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणला आणि विंच-बंपर गोठ्यामागे टाकला. कोंबड्या त्यावर बसायला लागल्या.

१२ ऑगस्टला आरटीओची तपासणी. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी साडेनऊला रांगेत, पावणेदोनला नंबर. डबा न्या आणि छत्री न्या, बसायला जागा नव्हती. निरीक्षक वयस्कर होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी चासी नंबर बघितला, दिवे बघितले, मग टायरवरचे आकडे वाचले आणि मागे जाऊन पाटे ज्यांना अडकवतात त्या, उंचीसाठी लांब केलेल्या, लटकण्या बघितल्या.

"गाडी उंच कोणी केली?"

"आधीच्या मालकाने, साहेब. मी घेतली तेव्हा अशीच होती."

"आरसीवर नाव कोणाचं?"

मी गप्प बसले. त्यांनी कलम ५२ सांगितलं: कंपनीने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलंय. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा आली ती मालकाला, एका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मी मनात मोजलं: टायर, उंची, दिवे. त्यांनी दंड लावला नाही. कागदावर त्रुटी लिहिल्या आणि पूर्ववत करून आणा म्हणाले. तेव्हा राग आला होता. घरी येईपर्यंत तो माझ्या स्वतःवर आला. ब्रेकच्या पाइपावरून मी झोप घालवली होती आणि तरीही टायर बदलायला मला कोणीतरी नापास करावं लागलं.

पुढचे पंधरा दिवस गाडी उलटी घडवण्यात गेले. चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे २५ नंतर कोकणात कोणत्याही मेस्त्रीच्या हातात पाना दिसणार नाही. आमचे मेस्त्री स्वतः गणपतीचं मखर अर्धवट टाकून रात्री येत होते. पाटे मूळ लटकण्यांवर आणले आणि नवे बुश घातले, ४,२००. उंची उतरली तशी पुढच्या शाफ्टची घरघरही गेली, कारण शाफ्टचा कोन सरळ झाला. शाफ्टच्या सांध्यातले झिजलेले क्रॉस बदलले, २,८००. मूळ मापाचे पाच टायर ३१,००० आणि जुने रिम ७,५००. टपावरची पट्टी काढली तेव्हा कळलं की तिची तार बॅटरीवरून थेट, ना रिले ना फ्यूज, आणि खारी हवा लागून आतलं तांबं हिरवं पडून पिठासारखं झालेलं. सोबत गाडीच्या मूळ वायरिंगचीही वाट लावली होती. साडेपाच हजार.

आणि गंज. खाली ताजा काळा थर होता, मी जानेवारीत तो बघून "किती छान ठेवलीय" म्हटलं होतं. मेस्त्रींनी हातोडीने ठोकत ठोकत नेलं. ठण, ठण, ठण, थप. थप वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर घातला तर मुठीपर्यंत आत. चासी सुदैवाने ठणठणीत, पण फ्लोअरचा पत्रा आणि बॉडी बसते त्या दोन जागा गेलेल्या. मालकाकडे फोटो होते, गाडी समुद्राच्या लाटेत उभी करून काढलेले. तेव्हा मला ते जाहिरातीसारखे वाटले होते. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात तिथे चाकं नकोत हे एक, पण गाडीचा विचार केला तरी समुद्राचं पाणी पत्र्याच्या घडीत शिरलं की ते कुठल्याच धुण्याने निघत नाही. कापणं, जोडणं, गंजरोधक रंग मिळून १४,०००. मजुरी ९,००० घेतली, तीही मी पुढे केली म्हणून. ब्रेकचे पाइप धरून एकूण ७६,६००. म्हणजे ज्या गोष्टींवर आधीच्या मालकाने लाखभर घातले असतील, त्या काढायला मी पाऊण लाख घातले.

नंबरप्लेट २२ ऑगस्टला बसली. १० सप्टेंबरला दुसरी तपासणी, मुदतीला तीन दिवस बाकी. तेच निरीक्षक. टायर वाचले, मागे जाऊन वाकून बघितलं, बॉनेट उघडायला लावलं. पंधरा मिनिटांत सही. "आता चढते का बागेत?" एवढं त्यांनी विचारलं.

चढते. ऑगस्टअखेरच्या पावसात, शेवाळ धरलेल्या जांभ्यावर, मूळ मापाच्या टायरवर. खाली उतरण्याआधी हवा वीसपर्यंत कमी करायची, वर आलं की पंपाने परत भरायची. पंप दोन हजारांचा आहे, बॅटरीवर चालतो. महिन्यातून एकदा काम नसलं तरी फोर व्हील लावून बागेत फेरी मारते, नाहीतर पुढच्या भागातलं तेल फिरत नाही आणि सील सुकतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याचा फवारा.

मोठे टायर अजून पडवीत आहेत. लांज्याचा एक मुलगा घ्यायला आला होता, बारा हजार देत होता. कोणत्या गाडीला लावणार विचारलं तर बोलेरोला म्हणाला. मी त्याला चहा दिला, ब्रेकच्या पाइपाची गोष्ट सांगितली. तो नंतर फोन करतो म्हणून गेला. विंच-बंपर मात्र काल भंगारवाला घेऊन गेला. कोंबड्यांनी बराच आरडाओरडा केला. त्याने काट्यावर चढवला: चौसष्ट किलो. माझे तीन क्रेट. अख्खा हंगाम मी दर खेपेला तीन क्रेट लोखंड वर चढवत होते.